विहिरीतलं ‘लागलं’

मी सांगतो ते आपल्या पालम गावात कुणालाच पटणार नाही. सगुणाबाईच्या हॉटेलातल्या या बाकावर तर मुळीच नाही. तरी ऐका.

दत्तरावाची नवी विहीर काळ्या पाषाणात अडकली होती. भुजंग खाली सुरुंग लावायचा, त्याची बायको रेणुका वर दगड-माती ओढणाऱ्या यारीची मोटर सांभाळायची, आणि मी काठावर उभा राहून अक्कल पुरवायचो. पाषाण फुटला तसा खाली तांबडा थर निघाला. हात ठेवला तर तव्यासारखा ऊन.

दत्तरावाचा पुतण्या आदिनाथ कॉलेजात शिकलेला. म्हणाला, “काका, हा सगळा मुलूख कधीकाळी उकळता रस होता. थरावर थर निवत गेले. पार खोल अजून लोखंड वितळलेलंच हाय.”

“म्हंजी निवायचं राहिलंय म्हण की,” मी म्हणालो.

त्या दुपारी सुरुंग उडाला, धूर विरला, भुजंग पहार घेऊन उतरला. पहारीचे घाव ऐकू येत होते तोच खालून दणका बसला. लोखंडी बादली पापडासारखी चपटी होऊन वर उडाली. यारीची तार तुटली, ती दत्तरावाचा अर्धा कान घेऊन गेली.

रेणुका काठावर पालथी पडली. “अवो, लागलं का?”

“लागलं,” खालून आवाज आला.

दत्तरावाला वाटलं, पाणी लागलं. रक्त गळत्या कानानं तो नारळ आणायला घराकडे पळाला, आणि दोर त्याच्याच खांद्यावर.

“मालक, दोर टाका आधी,” रेणुका म्हणाली.

“आधी नारळ, बाई.”

ती परत वाकली. “कुठं लागलं?”

“लागलं.”

आवाज भुजंगाचाच. पण चारी बाजूंच्या दगडांतून येत होता.

मग तळ हलला.

दगड दगडावर दात खायला लागला. तांबडी माती पोटासारखी फुगायची, बसायची. भुजंग तिच्यात कमरेपर्यंत रुतला होता.

“लागलं.”

भुजंगाचं तोंड मिटलेलं होतं.

छाती गेली. हनुवटी गेली. मग नुसते केस.

मी धोतर खोचलं, उडी घेतली, केस धरले आणि एका हिसक्यात गडी बाहेर काढला.

“खोटं हाय, भगवानराव.”

बाकाच्या टोकाला भुजंगच बसला होता. त्यानं कप खाली ठेवला. “तुमी तवा बाभळीवर चढला होता.”

सगुणाबाई फिसकन हसली.

“मंग तुला वढलं कुणी, लेका?” मी विचारलं.

“वढलं कुणीच न्हाई,” तो म्हणाला. “खालून ढकललं. पायाखाली हात होते.”