रिकामं खोगीर

मूकपटाचं जुनं रीळ टिकलंय की सडलंय, हे संग्राहक नाकानं ओळखतात. नेब्रास्कातल्या वेंडेल स्ट्रोडचं नाक त्या बाबतीत नावाजलेलं होतं. म्हणून तर म्हाताऱ्या मिसेस हॅस्केलनं त्याला घरी बोलावलं, आणि म्हणूनच त्याचं खोटं पचलं.

तिच्याकडच्या रिळाचा डबा उघडून त्यानं तोंड वाकडं केलं. "सडलंय हो, मावशी. असलं रीळ घरात ठेवलं तर आपोआप पेट घेतं. मी नेऊन पुरतो."

रीळ ठणठणीत होतं. साठ वर्षांपूर्वीचा काउबॉयचा मूकपट, दुसरी प्रत जगात नाही.

"यात माझे बाबा आहेत रे," म्हातारी म्हणाली. "याच्याच चित्रीकरणात घोड्यावरून पडून वारले. डोळे जायच्या आत एकदा त्यांना हलताना बघायचं होतं." मग तिनं डबा त्याच्या हाती दिला. "नीट पूर हं. वर प्रार्थनेचे दोन शब्द म्हण."

"म्हणतो," वेंडेल म्हणाला.

रविवारी दुपारी त्यानं घरी रीळ प्रोजेक्टरवर चढवलं. एक उंच स्वार टेकडी उतरून आला आणि टोपी काढून थेट त्याच्याकडे बघत राहिला. वेंडेलला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चोराच्या मनात चांदणं, असं म्हणून त्यानं स्वतःची समजूत घातली, आणि संध्याकाळी दोन मित्रांना फोन करून बढाईही मारली.

सोमवारी रीळ पुन्हा लावलं, तर तोच स्वार घोड्यावरून खाली उतरला.

मंगळवारी घोडा एकटाच टेकडी उतरून आला. वेंडेलनं भिंग लावून चौकट न् चौकट तपासली. कुठे जोड नव्हता, ओरखडा नव्हता.

बुधवारी सकाळी तो डबा काखेत घेऊन तिच्या दारात गेला.

"मावशी, मी पुरलं नाही. रीळ चांगलं होतं. मी चोरलं."

"हळू बोल," ती म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. "कालपासून बाबा आलेत. सारखे बोलतात. तुझं येतं मला ऐकू, त्यांचंच येत नाही. म्हातारपण, दुसरं काय."

आतल्या जमिनीच्या लाकडी फळ्या एकेक करून दबत आल्या.

जाळीच्या दारामागे एक उंच, राखाडी माणूस येऊन उभा राहिला. त्याचे ओठ हलू लागले.

वेंडेलचे कान तिखट होते. स्वयंपाकघरातल्या घड्याळाची टिकटिकसुद्धा त्याला स्पष्ट ऐकू येत होती. तो मान खाली घालून उभा राहिला.

बऱ्याच वेळानं त्यानं वर पाहिलं. ओठ अजून हलतच होते.