रोसित्साने पाहिलं

रोसित्सा कोलेवा वर्षभरापूर्वीच वारली आहे, हे बिल्यानाला ज्या मंगळवारी कळलं, त्याच सकाळी रोसित्साने तिने भाजलेली चीजची बनित्सा पाहिली होती.

बिल्याना घाईघाईने जिना उतरत होती. सोफियातली नोकरी सोडून ती गावी परतली होती, आणि या इमारतीत येऊन तिला आठवडाच झाला होता. खाली एक माणूस दारावर काळ्या चौकटीचा कागद चिकटवत होता. घरातलं कोणी जाऊन वर्ष झालं की लावतात, तसला.

"डावीकडे खाली गेलाय," ती म्हणाली.

"आता?"

"आता उजवीकडे गेला. थांबा, मी धरते."

तिने कोपरा धरला आणि मग फोटो पाहिला. आखूड केस, निळा स्वेटर, ओठांच्या एका टोकाला हसू. हा चेहरा ती रोज पाहत होती! तिने फोनवर टाकलेल्या स्वयंपाकाच्या स्टोऱ्या बघणाऱ्यांच्या यादीत, पहिल्याच मिनिटाला, गेली दोन वर्षं. कधी लाइक नाही, कधी शब्द नाही. मध्यंतरी बिल्यानानेच लिहिलं होतं, 'रोसित्साताई, मीठ जास्त झालं असं तरी म्हणा!' ते वाचलं गेलं होतं. उत्तर आलं नव्हतं.

"या... या गेल्या?"

"वर्ष झालं. माझी बायको."

"पण यांनी आज सकाळी माझी बनित्सा पाहिली!"

गोंदाचा ब्रश त्याच्या बुटावर पडला. आधी कान लाल झाले, मग मान.

"छान फुगली होती," तो हळूच म्हणाला.

बिल्याना एक पाऊल मागे सरली. मग भीती ओसरली आणि राग चढला. करपलेलं सूप, रडून सुजलेले डोळे, दोन पायांत दोन रंगांचे मोजे घालून केलेला नाच... सगळं या परक्या माणसाने बघितलं होतं!

"नाचसुद्धा?"

"कोणता? मोज्यांचा?" त्याने डोळे मिटले. "नाही."

"अहो, मग मोजे कसे माहीत?"

तो दाराकडे वळला. ती दार अडवून उभी राहिली.

"मी कामेन," तो अखेर म्हणाला. "तळमजल्यावर घड्याळं दुरुस्त करतो. ती गेली, पण तिचा फोन चार्जिंगला लावायची सवय गेली नाही. सकाळी सात वाजता तो टिंग वाजायचा. घरात दुसरा आवाजच नव्हता. उघडून पाहिलं तर तुम्ही कणीक लाटत होता. मग रोज बसायला लागलो... कॉफी घेऊन."

"आणि मी इथे राहायला आले तेव्हा?"

"तेव्हा चित्र फोनवर आणि वास जिन्यात. आठवडाभर मागच्या दाराने ये-जा करतोय."

तिला हसू फुटत होतं, ते तिने दाताखाली दाबलं. फोन काढला, यादीतून रोसित्साचं नाव उघडलं आणि अंगठा 'ब्लॉक'वर नेला.

"नको," कामेन म्हणाला. "सकाळचं तेवढंच आहे हो."

अंगठा तिथेच थांबला.

"मेलेल्या बाईच्या आडून मला कोणी बघायचं नाही," ती म्हणाली. "उद्या सातला मी स्टोरी टाकणार. यादीत तुमचं नाव दिसलं पाहिजे. त्यांचं दिसलं, तर कायमचं बंद."

बुधवारी सात वाजता तिने उकळत्या कॉफीचा व्हिडिओ टाकला आणि यादी उघडून बसली. सात वाजून एक मिनिट — सोफियातली मावशी. तीन मिनिटं — शाळेतली मैत्रीण. रोसित्सा नाही. कामेनही नाही. दहा मिनिटांनी कॉफी उतू गेली, तरी ती जागची हलली नाही. आपण इतकी वर्षं सातच्या ठोक्याला कोणासाठी उठत होतो, हा प्रश्न तिने स्वतःला आज पहिल्यांदा विचारला.

दार वाजलं.

कामेन उभा होता. नुकती दाढी केलेली, कापलेल्या हनुवटीवर कागदाचा कपटा, हातात ट्यूलिपची फुलं.

"अकाउंट उघडताना फोटो मागतात," तो म्हणाला. "माझा एकट्याचा एकही नाही. सगळ्यांत ती आहे. कात्री हातात घेतली, पण..."

"म्हणून स्वतःच आलात?"

"हो. नाव सांगून बघायला."

तिने फुलं घेतली आणि सवयीने मोजली. सहा.

"कामेन... मी जिवंत आहे हो!"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. सम फुलं थडग्यावर ठेवायची, जिवंत माणसाला विषम द्यायची, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

"दर रविवारी तिकडेच जातो... हाताला तेच वळण लागलंय. माफ करा, मी निघतो."

"थांबा." तिने एक फूल काढून त्याच्या हातात दिलं. "पाच माझी. आता आत या आणि खिडकीपाशी उभे राहा."

"कशाला?"

"फोटो काढते. एकट्याचा. हसा... अहो, दाढ दुखतेय का?"

तो हसला. डोळे भरले होते, तरी हसला.

"उद्यापासून सातला वरच या," ती फोनकडे बघत म्हणाली. "मीठ चाखायला कोणीतरी हवं असतं... मला."

"येईन." तो घुटमळला. "आणि मोज्यांचा नाच?"

"जास्त बोलू नका. कॉफी प्या."

त्या दिवशी दोघांची कॉफी बराच वेळ चालली. सहावं फूल टेबलावर पेल्यात आहे. एकटं फूल थडग्यावर नेता येत नाही, त्याच्या जोडीचं अजून आणायचं आहे. रोसित्साचा फोन खाली चार्जिंगलाच आहे. रोसित्साचं अकाउंट बंद करायचं राहिलं आहे.