कांद्याचं सफरचंद

तलवाड्याच्या राजनंदिनीनं धर्मापुरीच्या जत्रेत, भरल्या मांडवात, माईकवरून अजिनाथला सांगून टाकलं, "मला तुमी लई आवडता." पण ती तेव्हा झोपेत होती. म्हणजे हे घडलंच नाही. तेव्हा आपण पाटोद्याच्या बाजारापासून सुरुवात करू.

तिथं अजिनाथ संमोहनाचे प्रयोग करायचा. माणसाला झोपवायचा आणि सफरचंद म्हणून कच्चा कांदा खायला लावायचा. त्या दिवशी राजनंदिनी आपणहून पुढं आली. तो तिच्या डोळ्यांत बघत राहिला, ती त्याच्या... दोघांचेही मिटेनात. मागं उभ्या तिघांना मात्र डुलकी लागली.

"मला नाचायचंय," ती हळूच म्हणाली. "शंभर-सव्वाशे वर्षांमागं परदेशात एक बाई संमोहनात नाचायची. तसलाच नाच, पण आपल्या संबळावर."

"कावून? जागेपणी नाचा की!"

"आमचे आबा म्हणतेत, माझी पोर शुद्धीत असंस्तोवर नाचायची न्हाई. बेशुद्धीचं काही बोलले न्हाईत."

"पण तुमाला तर झोपच येईना..."

"तुमी समोर असल्यावर कशी येईल?"

अजिनाथच्या हातातला लंबक खाली पडला.

"नुसतं झोपवल्यासारखं करा," ती म्हणाली. "आबांना कळलं, तर नाच बंद अन् माझं लगीन — दुसऱ्याशी!"

जत्रेत संबळ कडाडला. मिटल्या डोळ्यांनी राजनंदिनी अशी नाचली, की भेळवाल्यानं भेळेत चिंच टाकायचं सोडलं. नाच संपला, अजिनाथनं माईक पुढं केला... आणि ते न घडलेलं वाक्य घडलं.

पहिल्या रांगेतून विजयसिंह आबा उठले.

"झोपेत हाय ना? मग कांदा द्या."

अजिनाथनं त्यातल्या त्यात बारका कांदा निवडला. "घ्या... सफरचंद."

कचकन चावा. राजनंदिनी हसली. "लई गोड हाय!"

पापणीच्या कडेला पाणी तरारलं. अजिनाथ झटकन आबांच्या आणि तिच्या मधे उभा राहिला.

"उद्या खरं सफरचंद आणा," ती पुटपुटली. "जन्मभर कांदा खायची न्हाई मी."

"ज... जन्मभर?"

"हळू बोला. मी झोपलेय."

"झोपेतच हाय पोर," म्हणत आबा समाधानानं बसले. अजिनाथनं स्वतःचे डोळे पुसले — त्यानं कांदा खाल्लाही नव्हता — आणि घसा साफ केला.

"सर्व सन्माननीय प्रेक्षकांना आयोजकांतर्फे नम्र विनंती करण्यात येते, की सदर कन्येने निद्रितावस्थेत केलेले विधान आपण ऐकलेच नाही असे समजावे, मोबाईलमधून तत्काळ काढून टाकावे, आणि त्याविषयी पारावर, बाजारात अथवा चुलीपाशी एक अक्षरही बोलू नये."