चढावरची खुर्ची

दार ओढून घ्या रे, आणि ते मोबाईल पालथे ठेवा. आमच्या कंपनीतल्या बुद्धभूषणच्या बाबतीत घडलेलं सांगतो. माणूस थापा मारणारा नाही. तीस वर्षं माझ्या शेजारच्या मशिनवर होता.

चाकणच्या अलीकडे एका शेठचा पाच एकरांतला बंगला. शेठ गेल्यावर वारसांनी तो ट्रस्टला दिला, अपघातात जायबंदी झालेल्या मुलांवर उपचार करायला. रिटायर झाल्यावर बुद्धभूषण तिथली देखरेख करायचा, फुकट. कारण त्याची नात भाग्यश्री, नऊ वर्षांची, व्हीलचेअरवर. एकेक महिना वाया गेला की पाय आणखी आखडतील, असं डॉक्टरांनी बजावलेलं. आणि इकडे केंद्र सुरू करायची परवानगी काही मिळेना! एकदा कागद अपुरे, एकदा सही करणारा साहेबच रजेवर. माणूस पार वैतागला होता.

शेवटी राहिला रॅम्प. बंगल्याला सहा उंच पायऱ्या आणि समोर शेठच्या नावाचं कारंजं. कारंजं हलवायचं नाही, हा वारसांचा हट्ट. मग रॅम्प आखूड झाला आणि चढ खडा. बुद्धभूषण कुरकुरला तेव्हा चिमाजी गवंडी म्हणाला, "भाऊ, तपासायला येनारा सायेब काय खुर्चीत बसून चढनार हाय? न्हाई ना? मग गप ऱ्हावा."

आणि हा गप्प राहिला. त्याला परवानगी हवी होती.

मागच्या डिसेंबरातली नऊ तारीख, मंगळवार. दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणी. रात्री पावणेअकराला हा नव्या सिमेंटवर पाणी मारायला गेला. पाणी मारून झालं, नळ बंद केला.

मागे चाक करकरलं.

कुणीतरी रॅम्प चढत होतं. आवाज अर्ध्यावर थांबला. मग घसरत खाली.

त्याने बॅटरी मारली. कुणी नाही.

पुन्हा करकर. अर्ध्यावर... खाली. पुन्हा...

पाचव्या खेपेला त्याला धाप ऐकू आली. लहान मुलाची. भीती होतीच, पण त्याहून जास्त चीड आली. स्वतःचीच.

"थांब बाळा," तो म्हणाला. "ढकलतो मी."

अंधारात हात पुढे केले. हाताला खुर्चीच्या दोन मुठी लागल्या.

गार. ओल्या.

जोर लावला. एक पाऊल. दोन. अर्ध्यावर पाय सटकला. सगळं वजन छातीवर. रोज नातीची खुर्ची ढकलणारा माणूस... त्याला तो चढ चढवेना.

"राहू द्या, आजोबा..."

मग हातांत काहीच नव्हतं.

पहाटेपर्यंत तो त्या रॅम्पवर घण घालत होता. साहेब दहाला आले, ढिगारा बघून परत गेले. विश्वस्त ओरडले. घरी सून बोलेना. हा एकच धरून बसला, "आधी कारंजं काढा." निघालं शेवटी. लांब रॅम्प झाला, पण परवानगीला फेब्रुवारी उजाडला. तोवर भाग्यश्रीचा डावा गुडघा आणखी आखडला. त्याचा राग अजून त्याच्या पोटात आहे. काढायचा कुणावर, तेच कळत नाही.

ट्रस्टच्या खुर्च्या त्या रात्री खोक्यांतच होत्या, कोऱ्या. नातीची घरी, रहाटणीला.

परवा त्याने माझ्यापुढे दोन्ही तळवे धरले. त्यांवर आडवे, गंजाचे पट्टे. साबणाने गेले नाहीत, रॉकेलनेही नाहीत, म्हणाला.

मी बोट फिरवून पाहिलं.

बोट ओलं झालं.