कड्याखालची तीस पावलं

“या सँडल घालून वर जाणार असाल, तर घरच्यांचा फोन नंबर आधीच लिहून ठेवा.”

फाटकावर कोपर टेकवून तो इतक्या गंभीरपणे म्हणाला, की मी खरंच पर्समध्ये पेन शोधायला लागले. मग त्याच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातलं हसू दिसलं... आणि मला राग आला.

“बूट पिशवीत आहेत,” मी म्हणाले. “इथले प्रमुख कुठे भेटतील?”

“प्रमुख मीच. राखणदारही मीच. शिट्टीसुद्धा मीच वाजवतो.”

त्याच्या मागे दगडी भिंतींची एका खोलीची चौकी होती. बाहेर गाड्या लावायला मुरमाची जागा, वाटांचा नकाशा रंगवलेली पाटी, आत खुंट्यांवर टांगलेले दोर आणि हेल्मेटं. आणि या सगळ्याच्या वर सरळसोट कडा... डोकं धुक्यात खुपसून उभा. चढायला, फिरायला येणारा प्रत्येकजण इथूनच वर जायचा.

मी ऑफिसचं पत्र पुढे केलं. “खडक तपासायला आलेय. मागच्या महिन्यात वरून दगड पडले ना? चौकी चालू ठेवायची की बंद करायची, ते मला ठरवायचंय.”

हसू विझलं. “म्हणजे तुमच्याशी जपून वागायला हवं.”

“माझ्याशी नको. खडकाशी जपून वागा.”

“अरे खारू, बाईंना चहा तरी विचार!” खिडकीतून एक खणखणीत आवाज आला. “बंद करायला आल्या म्हणून काय झालं, घसा कोरडा पडतोच ना माणसाचा!”

ती त्याची आत्या. लहानपणी दिसेल त्या झाडावर सरसर चढायचा म्हणून तिनेच त्याला हे नाव दिलं होतं. त्याचे कान लालबुंद झाले, आणि माझा राग तिथेच कुठेतरी सांडला.

त्या दिवशी त्याने मला दोराला बांधून वर नेलं. माझ्या कमरेची गाठ त्याने दोनदा ओढून पाहिली. दोन्ही वेळा काही न बोलता नुसती नजर वर केली — ठीक आहे ना? मी मान हलवली. छाती धडधडत होती, आणि ती नुसती उंचीमुळे धडधडत होती असं मी स्वतःला बजावलं.

एका भल्यामोठ्या शिळेच्या मागून भेग गेली होती. तिच्यावर मी काचेच्या तीन पट्ट्या आडव्या चिकटवल्या. भेग जराशी जरी रुंदावली, तरी काच तडकते. उरलेल्या पट्ट्या आणि डिंकाची ट्यूब चौकीतच ठेवली. पट्ट्या रोज बघायचं काम त्याचं, आणि दर बुधवारी माझं.

बुधवार येत गेले. पट्ट्या शाबूत होत्या. तिसऱ्या बुधवारी येणाऱ्यांच्या वहीत माझं नाव लिहिताना तो थबकला.

“येण्याचं कारण काय लिहू?”

“नेहमीचंच. खडक.”

“नक्की?”

मी खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागले. ती बांधलेलीच होती.

काय सांगणार होते? माझ्या एका सहीवर त्याचं पोट होतं. मी एक शब्द जरी बोलले असते, तर त्यानंतर लिहिलेला प्रत्येक आकडा मलाच खोटा वाटला असता. मी दुसऱ्या बुटाकडे वळले. त्याने वहीत ‘खडक’ लिहिलं.

पाचव्या आठवड्यात, शनिवारी सकाळी सात वाजता फोन वाजला.

“मधली पट्टी तुटलीय.” त्याचा आवाज ओळखू येत नव्हता. “आणि दोघंजण वर आहेत. ते दर शनिवारी येणारे काका-काकू. मी त्यांना साडेपाचला सोडलं... पट्टी नंतर पाहिली. काकूंचा पाय मुरगळलाय.”

स्कूटर मी कशी चालवली, मला आठवत नाही.

काका-काकू अडकले होते ती जागा त्या शिळेच्या पोटाखालीच होती. वर उभी भिंत, खाली दरी. परतायला एकच अरुंद वाट, तीस पावलांची, तीही शिळेखालूनच. बचाव पथकाला पोचायला तीन तास लागणार होते.

मी भेगेच्या अलीकडे, भक्कम खडकावर बसले. मापपट्टी लावली. तोवर तो त्या तीस पावलांवरून पलीकडे गेलासुद्धा होता. माझ्या हातातला वॉकीटॉकी खरखरला.

“किती?”

“दोन मिलिमीटर.”

“वाढतेय?”

मी थांबले. दहा मिनिटं... पंधरा. “अडीच.”

“तुम्ही सांगा, बाई. थांबू की निघू?”

आजवर मी आकडे कागदावर लिहिले होते. आज त्या आकड्यांखाली तीन माणसं उभी होती. तीन तासांत भेग किती उघडेल? कुणालाच सांगता आलं नसतं.

“निघा,” मी म्हणाले. “एकेक करून. हळू.”

पलीकडे कुजबुज सुरू झाली. काका म्हणत होते, आधी ती. काकू म्हणत होत्या, “आधी यांनाच पाठवा, यांना मागे ठेवलं तर घाबरून काहीतरी करून बसतील!” त्या तशा वेळीही मला हसू फुटलं, आणि डोळे भरून आले.

काका आले. मग तो काकूंना खांद्याचा आधार देत, इंच इंच सरकत आला. अलीकडे काकांच्या हातात त्यांना सोपवून तो वळला.

“कुठे चाललात?”

“दोर पलीकडे बांधलेला राहिलाय. काकूंना खाली उतरवायला लागेल.”

“राहू दे तो दोर!”

“दोन मिनिटं...”

तो पलीकडे पोचला. मी मापपट्टीकडे पाहिलं. तीन... आणि माझ्या डोळ्यांदेखत साडेतीन. उरलेली काच तडकल्याचा बारीक आवाज झाला. तो परत निघाला होता. सहा पावलं चालून आला होता.

“थांबा! मागे जा! भिंतीला चिकटा!”

शिळा निखळली.

आवाज इतका मोठा होता, की तो कानांना नाही, दातांना जाणवला. मग धूळ. नुसती पांढरी धूळ... आणि वॉकीटॉकीवर काहीच नाही.

“ऐकू येतंय का? बोला!” काहीच नाही. “अरे... बोल ना! खारू! बोल काहीतरी, प्लीज...”

खरखर. खोकला. पुन्हा खरखर.

“आहे,” तो म्हणाला. “आहे मी. कपारीत आहे. तू... रडू नकोस ना.”

वाटेचा मधला तुकडा उडाला होता. शिळा गेल्यामुळे डोक्यावर आता मोकळं आभाळ होतं. बारीक दगड पडायचे थांबल्यावर, तासाभराने, मी चौकीतला दुसरा दोर आणून त्याच्याकडे फेकला. दुसरं टोक काकांनी आणि मी खडकाला पक्कं बांधलं. तो अलीकडे आला तेव्हा पिठाच्या पोत्यातून काढल्यासारखा दिसत होता. खाली चौकीवर आत्याने आधी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, मग त्याला छातीशी धरलं.

काका-काकूंना घेऊन बचाव पथकाची गाडी गेली. चौकीतल्या टेबलावर मी अहवाल लिहायला बसले. तो समोर उभा होता. चौकी कायमची बंद. मी सही केली, कागद फिरवला. साक्षीदार म्हणून त्याने सही केली. त्याचं पेन अडखळलं नाही.

“राग आला माझा?” मी विचारलं.

“आलाय. खडकाचा, तुझा, माझा स्वतःचाही. सहा वर्षं उभा होतो इथे. उद्या सकाळी उठून कुठे जायचं, तेही माहीत नाही.”

“पट्ट्या इथेच होत्या. डिंकही. नवी पट्टी चिकटवली असतीस, तर कुणाला कळलंही नसतं.”

“मनात आलं होतं.”

“किती वेळ?”

“खिशातला फोन हाताला लागेपर्यंत.”

त्याच्या जागी दुसऱ्या कुणी म्हटलं असतं, मनातसुद्धा आलं नाही. तो खरं बोलला होता. माझा उरलासुरला संयम तिथेच संपला.

“सही झाली,” मी म्हणाले. “आता या चौकीवर माझा कसलाही अधिकार नाही. म्हणून आज बोलता येईल मला... इतके दिवस नव्हतं येत.”

“बोल.”

“आवडतोस तू मला. तू काय करणार, कुठे जाणार, ते मलाही माहीत नाही. पण जिथे जाशील तिथे मला यायचंय. तपासायला नाही.”

बाहेर आत्याने कपबशा जरा जास्तच जोरात विसळायला घेतल्या.

“दर मंगळवारी झोपताना मी दोन गोष्टी मागायचो,” तो म्हणाला. “पट्ट्या तुटू नयेत, आणि तुझं तपासणं कधी संपू नये.”

“दोन्ही गेल्या की रे.”

“हो ना...” तो त्या दिवसात पहिल्यांदाच हसला, आणि हसता हसता त्याचा चेहरा एकदम रडवेला झाला. इतका वेळ दाबून धरलेली भीती आत्ता वर आली असावी. त्याने टेबलावर हात ठेवला. तो थरथरत होता, बोटांच्या पेरांत धूळ भरलेली. मी त्यावर माझा हात ठेवला. तोही थरथरत होता.

थरथर थांबली, तरी आम्ही दोघांनी हात काढला नाही.