डाव्या पायाची करंगळी

सरक गं नंदे, मला बी बसू दे. झोका थांबवा जरा. दुर्गे, सगळ्या लाह्या एकटीच खाऊन राह्यली का? दे इकडं. कवापासून मागं लागल्या ना, सासरचं सांग, सासरचं सांग? मंग ऐका. मधात कोणी बोलायचं न्हाई. माझं संपलं की काय हसायचं ते हसा.

सासर जालन्याच्या खालच्या अंगाला, कुंडलिकेच्या काठी. घर चांगलं, मळा चांगला, दोन गाई, विहिरीला बारा महिने पाणी. लढाईपायी घासलेट मिळंना म्हणून दिवस मावळायच्या आत जेवणं उरकतात, तेवढंच काय ते. आत्याबाई, म्हंजी माझी सासू, मायाळू. मालक बी शांत. मारणं न्हाई, शिव्या न्हाई. पण मला दिलं दुसरेपणावर. पहिली मरून वरीस झाल्तं. तिचं नाव आत्ता न्हाई सांगत, मंग सांगते. लग्नातच माझ्या गळ्यात तिचा टाक बांधला. चांदीचा, नखाएवढा, मस्तगडच्या सोनारानं केलेला, वर बाई कोरलेली.

सवतीचा टाक तुम्ही सगळ्यांनीच पाह्यला असंल. घालून बघा, मंग कळंल. पहिला घास तिला. नवं लुगडं आधी तिला लावायचं, मंग आपण नेसायचं. आन् घरातलं बोलणं! "तिची भाकर कशी पापुद्र्यावानी." "तिचा आवाज आला की गाय पान्हा सोडायची." तीच गाय मला लाथ मारायची. मालक तं सकाळी उठले की कन्हेरीचं पांढरं फूल तोडायचे आन् मळ्याच्या टोकाला आमच्या समाध्या हायेत तिकडं चालू पडायचे. तिच्यासाठी. जित्ती मी चुलीपाशी, आन् फूल मातीला! एक दिवस माझ्या केसात खोसलं असतं तं काय कन्हेर वाळली असती का?

हसू नको दुर्गे. हो, जळायची मी. मेलेल्या बाईवर जळायची. 

मंग आखाजी आली. आखाजीला समाध्या झाडायचं काम सुनंचं. आपल्यात जाळत न्हाई, बसवून पुरतात, हे तं तुम्हाला माहीतच. बाप्याच्या समाधीवर पिंड, बाईच्या दगडावर पावलं. आमच्याकडं अजून एक रीत हाये. नवरी कुंकवाच्या पायानं आत येते ना, ते पाय पांढऱ्या फडक्यावर उमटवून घेतात आन् फडकं देवघरात ठेवून देतात. ती मेली की पाथरवट तेच पाय दगडावर उतरवतो. बोटाला बोट, भेगेला भेग. माझी डाव्या पायाची करंगळी न्हाई. लहानपणी मंठ्याच्या बाजारात गाडीचं चाक गेल्तं. फडक्यावर तिथं रिकामीच जागा, तवा बाया किती हसल्या...

पायाकडं काय बघते, दुर्गे? मंठा कुठून आला ते बी सांगते. ऐक ना आधी.

मला एकच पाह्यचं होतं. ह्या घराण्यात दुसरेपणाची बाई मेल्यावर बसते कुठं? खराटा घेतला आन् पार वडाखालच्या मूळ पुरुषापासून चालू केलं. हा कोण, ही कोणाची, पहिली का दुसरी? आत्याबाई सांगत गेल्या, मी झाडत गेले. बाप, लेक, नातू, दगड नदीकडं उतरत येतात. आन् सगळीकडं तेच! नवऱ्याच्या बाजूला पहिली. दुसरी पायाशी, वाटंवर. एका दुसरीच्या पावलांवरून तं बकऱ्या जाऊन जाऊन बोटंच झिजून गेल्ती. मालकांची जागा राखून ठेवलेली हाये, मोकळी. त्या जागेच्या बाजूला पहिली बसलेली. नवा दगड, गोरीगोरी पावलं, कन्हेरीचं फूल ताजं. मला कळलं, मी मेल्यावर बी बकऱ्यांच्या वाटंवरच.

सगळ्यात शेवटी सासऱ्यांची समाधी. कडूबा. आत्याबाई बी दुसरेपणाच्याच. त्यांच्या बाजूच्या दगडावर उजव्या पायाला सहा बोटं.

"आत्याबाई, ही तुमची सवत ना? सहा बोटं होती हिला?"

आत्याबाई दगडावर पाणी घालून राह्यल्त्या. त्यांचा हात थांबला.

"मला होती," त्या म्हणल्या.

मी खाली पाह्यलं. त्यांचा पाय ओल्या मातीत. बोटं पाचच. त्यांनी लुगड्याचा काठ वढून पाय झाकला. दुसऱ्या हातानं गळ्यातला टाक घट्ट धरला, पार झिजलेला, त्याच्यावरचं तोंड बी दिसत न्हाई आता.

"सूनबाई, टाक काढायचा न्हाई. कितीबी जळलीस तरी न्हाई."

मला वाटलं, म्हातारी चळली. न्हाईतं पहिल्या सुनंची बाजू घेऊन राह्यली.

पुढं लुगडं आलं. मोरपंखी. मालकांनी जालन्याहून आणलं, मी हात पुढं केला, तं मालक घडीकडं बघत म्हणले, "हा रंग तिला लई खुलायचा."

बस्स.

दुपारी सगळे आडवे झाले तशी मी मळ्यात गेले. ऊन असं की दगडाला हात लावता येईना. टाकाचा दोरा दातानं तोडला आन् टाक तिच्या पावलात ठेवला. म्हणलं, "तुझं तू घे, आन् माझं मला दे."

झाडावर पाखरू न्हाई, पान हललं न्हाई. मी घरी आले.

माझा रिकामा गळा कोणाला दिसलाच न्हाई. संध्याकाळी भाकर थापली तं अशी पातळ उतरली, तव्यावर टम्म फुगली. गाईपाशी गेले, नुसती बोलले, तं पान्हा सोडला तिनं. मालक वट्यावरून म्हणले, "सगुणा, पाणी दे गं."

तिचं नाव सगुणा.

मला राग यायला पाह्यजे होता ना? खरं सांगते, गोड वाटलं. त्या आवाजात मला कोणी कधी हाक मारलीच नव्हती. मी पाणी दिलं.

सकाळी पाय धुताना पाणी येगळंच लागलं. डाव्या पायाच्या कडंला.

करंगळी. वर नख सुद्धा.

मालकांनी कन्हेरीचं फूल तोडलं. मी दारात उभी राह्यले, मान वाकवून. आता मीच ती, मंग फूल माझंच ना?

ते माझ्या बाजूनं निघून गेले.

मी मागं मागं गेले. तो दगड. तीच जागा, त्यांच्या बाजूची. त्यांनी फूल ठेवलं, तवा पावलं दिसली. डाव्या पायाला करंगळी नव्हती.

"झुंबर," ते म्हणले, दगडावरून हात फिरवत. "झुंबर, तू गेली आन् घरात मन लागंना गं."

माझं नाव. मी घरात होते तवा असं कधी घेतलंच न्हाई.

बाजूची जागा भेटली गं मला. फूल बी भेटलं.

घरी आले तं आत्याबाई टाक घेऊन बसल्त्या. तोच दोरा, मी तोडलेला, गाठ मारून. त्यांनी तो माझ्या गळ्यात बांधला. डोळे पुसले आन् आपला टाक पदराखाली सारला.

पंचमीला मालक म्हणले, माहेरी जाऊन ये. मी म्हणलं, चला, मंठ्याला, मायला विचारीन, माय तं वळखंल. गाडी मंठ्याच्या वाटंला लागलीच न्हाई. भोकरदनकडं वळली. हे पिंपळगाव मी जन्मात पाह्यलं नव्हतं. वेशीत रेणुकाईचं देऊळ दिसलं आन् माझे हात आपोआप जुळले. तुम्ही पळत आल्या, सगुणा आली, सगुणा आली! आन् मी गाडीतूनच ओरडले, नंदे! दुर्गे! तुमची नावं मला कोणी सांगितल्ती?

संपलं. हसा आता.

हसा ना.

काय म्हणली दुर्गे? झुंबर तं माझी सवत? मंठ्याची, पहिली, मेलेली? बराबर हाये तुझं. पाय बघते? बघ. पाची बोटं हायेत. लहानपणी आपण संगं नदीला जायचो तवापासून पाची. ते बी बराबर.

न्हाई नंदे, टाकाला हात नको लावू. तिला खपत न्हाई.

लई जळते ती. मला माहीत हाये ना.