अकरानंतरची वीस मिनिटं

"माझ्या प्रोग्रॅममध्ये कुणीतरी ढवळाढवळ केलीय," ती दारातूनच म्हणाली, "आणि त्याला कुणीही हात लावलेला नाही."

घड्याळजींनी डोळ्यावरचं भिंग काढलं. घड्याळं दुरुस्त करायचा धंदा बंद करून त्यांना बारा वर्षं झाली होती. आता ते लोकांच्या भानगडी निस्तरायचे, पण डोकं चालायला समोर एखादं उघडलेलं घड्याळ अजूनही लागायचं.

"दोन्ही गोष्टी खऱ्या असल्या तर मजा आहे," ते म्हणाले. "बसा."

बाजूला त्यांचा मेहुणा वही सरसावून बसला. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून तो दाजींचा उजवा हात होता, निदान त्याच्या मते तरी.

पोरगी तिशीच्या आतली. व्हीलचेअरच्या कारखान्यात नियोजनाचं काम करायची. एकाच लाइनवर तिथे तीन तऱ्हेच्या खुर्च्या जोडल्या जात: साधी, घडीची आणि बॅटरीची. दिवसाला दोनशे चाळीस, म्हणजे दर दोन मिनिटांना एक. बॅटरीच्या खुर्चीला चौथ्या टेबलावर जास्त वेळ लागे. तशा दोन-तीन लागोपाठ आल्या की तिथला माणूस मागे पडे आणि अख्खी लाइन थांबे.

"मग एक साधी, एक घडीची, एक बॅटरीची असं लावायचं," मेहुणा म्हणाला. "त्यात काय!"

"मागणी रोज वेगळी असते, काका. शिवाय चाकं, गाद्या, हँडल, काहीच एकदम संपून चालत नाही. दोनशे चाळीस खुर्च्या किती तऱ्हांनी रांगेत लागतील ते तपासायला बसलात तर जन्म पुरायचा नाही. म्हणून मी क्रमांची पैदास करते."

मेहुण्याची पेन्सिल थांबली.

"रोज संध्याकाळी शंभर क्रम घ्यायचे," ती उत्साहाने सांगू लागली. "प्रत्येकाला गुण द्यायचे. जे बरे, त्यांच्या जोड्या लावायच्या. एकाचा पुढचा भाग, दुसऱ्याचा मागचा, असं मिळून पोर तयार होतं. मध्येच उगाच दोन खुर्च्यांची अदलाबदल करायची, काही नवं निघालं तर निघालं. अशा हजार पिढ्या. शेवटी जो सगळ्यांत गुणी, तो उद्याचा क्रम."

"म्हणजे नाक बापाचं, हट्ट आईचा," मेहुणा म्हणाला. "आमच्या घरात दोन्ही आईचंच आलंय."

"तुझी बहीण आतून ऐकतेय," घड्याळजी म्हणाले. मग तिच्याकडे वळले. "पहिले आईबाप कुठून आणता?"

"लाइनच्या शेवटी प्रत्येक तयार खुर्ची स्कॅन होते. ज्या दिवशी लाइन कमी थांबली आणि तपासणीतून खुर्च्या कमी परत आल्या, ते दिवस मी तिथून उचलते."

"वा," घड्याळजी मनापासून म्हणाले. "फार सुंदर आहे हे."

तिचा चेहरा क्षणभर उजळला आणि पडला. तिने कागद पुढे केले. गेले तीन आठवडे रोजच्या क्रमात एक भोक पडत होतं. अकरा वाजले की पुढची वीस मिनिटं चौथ्या टेबलावर बॅटरीची एकही खुर्ची नाही. सलग दहा खुर्च्या साध्या किंवा घडीच्या. असा नियम तिने कधी घातला नव्हता. प्रोग्रॅममधलं एक अक्षर बदललेलं नव्हतं. तिच्याशिवाय तो कुणी उघडलाही नव्हता.

"नुकसान किती झालं?"

"उलट! आधी चारेक महिने रोज दोन-तीन खुर्च्या ढिल्या बोल्टपायी परत यायच्या. या तीन आठवड्यांत जवळजवळ बंदच झाल्या."

"मग डोळे का सुजलेत?"

"चौथ्या टेबलावर माझा दादा आहे," ती म्हणाली. "मी भावासाठी रोज वीस मिनिटांचा आराम लपवून ठेवला, असं व्यवस्थापक म्हणतात. उद्या दुपारी बारापर्यंत खरं कारण दाखवलं नाही, तर आम्ही दोघंही घरी."

---

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यात भेटलेला व्यवस्थापक माणूस वाईट नव्हता, पण घाईतला होता.

"चोरी उघड आहे," तो म्हणाला. "प्रोग्रॅम फक्त तिला उघडता येतो. फायदा फक्त तिच्या भावाचा. आजपासून तो प्रोग्रॅम बंद. आजचा क्रम मी स्वतः हाताने लावलाय. दर तिसरी खुर्ची बॅटरीची, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. भोक नाही, काही नाही."

"तीन आठवड्यांपूर्वीचे कागद बघायला मिळतील? दिलेला क्रम आणि शेवटच्या स्कॅनची नोंद, दोन्ही?" घड्याळजींनी विचारलं.

"तिला सांगा काढायला. बारा वाजेपर्यंत ती नोकरीतच आहे."

दादा चाळिशीचा, रुंद खांद्यांचा. डोक्यावर नळीला लटकलेला, हवेच्या दाबावर फिरणारा पाना खाली ओढायचा, बॅटरीचे चार बोल्ट आवळायचे, सोडून द्यायचा. घड्याळजींना पाहताच तो म्हणाला, "मीच केलंय. लिहून घ्या. बहिणीला काही ठाऊक नाही."

मेहुण्याने ते इतक्या आनंदाने लिहिलं की टोक मोडलं.

"कसं केलंत?" घड्याळजींनी विचारलं.

"प्रोग्रॅम उघडला आणि... बदलला."

"उघडल्यावर समोर काय दिसतं?"

दादाने पुन्हा पाना ओढला. मग म्हणाला, "आकडे."

"हात बघू जरा."

उजव्या तळव्यावर अंगठ्याच्या मुळाशी एक घट्टा होता. कडेची कातडी सुटत चालली होती, खालून नवी गुलाबी कातडी येत होती.

"हवेच्या पान्याने घट्टा पडतो?"

"जुना आहे," म्हणत दादाने हात मागे घेतला.

लाइनच्या तोंडाशी मावशी होत्या. अख्खा कारखाना त्यांना मावशीच म्हणे. रंगवलेल्या फ्रेम गाडीवरून उचलायच्या आणि समोर टाचलेला क्रम बघून लाइनवर ठेवायच्या, हे त्यांचं काम.

"किती वर्षं इथे?" घड्याळजींनी विचारलं.

"एकोणीस."

"मग या लाइनची नस न् नस ठाऊक असेल."

"मला विचारतंय कोण?" मावशी म्हणाल्या. बोलता बोलता त्यांनी बॅटरीच्या खुर्चीची एक फ्रेम उचलून भिंतीला टेकवली. मग दुसरी. घड्याळात अकराला दहा कमी होते.

"या बाजूला का?"

"रंग ओला आहे."

घड्याळजींनी फ्रेमवरून बोट फिरवलं आणि बोटाकडे पाहिलं.

अकराच्या ठोक्याला शेजारच्या शेडमधून फुस्स असा मोठा आवाज सुरू झाला.

"रंगाचं खातं," मावशी म्हणाल्या. "पाचेक महिन्यांपूर्वी नवी भट्टी आल्यापासून रोज याच वेळी फ्रेमवरची धूळ हवेने उडवतात." त्यांची नजर समोरच्या भिंतीवरच्या, हवेचा दाब दाखवणाऱ्या काट्याकडे गेली. घड्याळजींचीही गेली. काटा सहावरून चारवर आला होता. मेहुण्याची नजर चहाच्या गाडीवर होती.

वीस मिनिटांनी आवाज थांबला. तोवर मावशी बाजूच्या फ्रेम एकआड एक लाइनवर चढवू लागल्या होत्या.

"रंग लवकर वाळला हो," मेहुणा कौतुकाने म्हणाला.

"तू आज फार मोलाचं बोललास," घड्याळजी म्हणाले. मेहुण्याला ते टोमणा वाटलं.

---

पावणेबाराला व्यवस्थापकाच्या खोलीत सगळे जमले. मावशी दारापाशी उभ्या राहिल्या. घड्याळजींनी आधी त्यांना खुर्ची दिली.

"साहेब, आजचा क्रम कुणाचा?"

"माझा. सांगितलं ना."

"त्यात भोक नव्हतं. मग आज अकरा ते अकरा वीस चौथ्या टेबलावर बॅटरीची एकही खुर्ची का आली नाही? मी तिथेच उभा होतो."

व्यवस्थापकाने काचेतून लाइनकडे पाहिलं, जणू ती उत्तर देणार होती.

"म्हणजे भोक प्रोग्रॅममधून येत नाही," घड्याळजी पुढे म्हणाले. "उलट ते लाइनवरून प्रोग्रॅममध्ये गेलं. हे दोन कागद बघा, तीन आठवड्यांपूर्वीच्या एकाच दिवसाचे. दिलेल्या क्रमात भोक नाही. शेवटच्या स्कॅनमध्ये आहे. त्या दिवशी ढिल्या बोल्टपायी एकही खुर्ची परत आली नाही. आता प्रोग्रॅम आईबाप कुठून आणतो?"

"स्कॅनमधून," ती पुटपुटली. "चांगले गेलेले दिवस... अगं आई गं! मी दोन्ही कधी ताडूनच पाहिले नाहीत. दिला तोच क्रम धावला असं धरून चालले."

"तो दिवस बाप झाला. दुसरे दिवशी तसाच आणखी एक. चार दिवसांत सगळ्या पोरांत तेच भोक उतरलं. प्रोग्रॅमला कुणी हात लावला नाही, तरी क्रम बदलला, तो असा."

"पण फ्रेम मागे ठेवल्या कुणी?" व्यवस्थापकाने विचारलं आणि विचारता विचारताच मावशींकडे पाहिलं.

"रंग ओला नव्हता, मावशी," घड्याळजी हळूच म्हणाले. "माझं बोट कोरडं राहिलं. अकराला दहा कमी असताना तुम्ही फ्रेम थांबवता, कारण चौथ्या टेबलापर्यंत जायला त्यांना तेवढा वेळ लागतो. अकराला रंगाचं खातं हवा ओढतं, तो काटा खाली येतो आणि हवेच्या पान्याचा जोर जातो. साध्या आणि घडीच्या खुर्चीला त्या टेबलावर हातानेच काम असतं, त्यांचं काही बिघडत नाही. बॅटरीचे बोल्ट मात्र ढिले राहतात."

मावशींनी मान वर केली. "तीनदा सांगितलं मुकादमाला. म्हणाला, तुमचं काम फ्रेम ठेवायचं. माझी बहीण अशाच खुर्चीत बसते, साहेब. घरासमोर उतार आहे. बॅटरी निसटली तर काय होईल? मग म्हटलं, निदान त्या वेळात ती खुर्ची जाऊच द्यायची नाही. चुकलं असेल तर मला काढा. या पोरीला नको."

मेहुणा लिहायचं विसरला होता.

"चुकलं?" ती एकदम म्हणाली. "मावशी, माझ्या यंत्राने हजार पिढ्या घालून जे शोधलं नाही, ते तुम्ही नुसतं काट्याकडे बघून शोधलंत!"

"शोधलं त्यांनी, पण ते उचलून धरलं तुमच्या प्रोग्रॅमने," घड्याळजी म्हणाले. "कुणी केलं, कुठल्या हुद्द्याच्या माणसाने केलं, हे त्याने विचारलं नाही. काम चांगलं झालं, एवढंच पाहिलं. मी पुष्कळ हुशार माणसं पाहिलीत, पण हे जमणारी थोडी."

व्यवस्थापकाने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "रंगखात्याला आजपासून वेगळी हवेची टाकी," तो म्हणाला. "प्रोग्रॅम संध्याकाळपासून सुरू. आणि मावशी, मुकादमाने ऐकलं नाही तर या खोलीत यायचं. दार न वाजवता." मग त्याने बहीणभावाकडे पाहिलं. "माझं चुकलं. स्पष्ट सांगतो, चुकलं."

"पण दाजी," मेहुणा म्हणाला, "मग यांनी कबूल का केलं?"

दादा खाली मान घालून बसला होता.

"चार महिने ते खिशातल्या साध्या पान्याने जमतील तेवढे बोल्ट चोरून पुन्हा आवळत होते," घड्याळजी म्हणाले. "घट्टा त्याचाच. तीन आठवड्यांपासून गरज पडली नाही, म्हणून कातडी सुटतेय. का आवळत होते, ते त्यांनीच सांगावं."

दादा आपल्या तळव्याकडे बघत बोलला. "मला वाटलं, माझा हात गेला. पान्यावर पकड बसत नाहीये. कुणाला कळलं तर तसंही काढतीलच. म्हटलं, जायचंच आहे तर हिच्यावरचा आळ घेऊन जावं. हिची तरी नोकरी राहील." तो थांबला. "म्हणजे... माझा हात ठीक आहे?"

"हवा गेली होती," घड्याळजी म्हणाले. "तुमचा हात नाही."

दादाने तळवा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. बहिणीने तो दोन्ही हातांत घट्ट धरला आणि भर खोलीत, सगळ्यांदेखत, मोठ्याने ओरडली, "मूर्खा, चार महिने! मला एकदा सांगायचंस की रे!"